पाणदेशाचा निळा चिखल

प्रिय रंगारीण,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो. आई ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे, घराचं छप्पर जागेवर आहे. दर रविवारी फोन होतोच, मग हे पत्राचं खूळ कुठून, असं तू म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की मी एकदम शहाणा माणूस होतो. सगळं मजेत म्हणतो, आईच्या गोळ्यांची नावं वाचून दाखवतो, आणि फोन ठेवल्यावर कळतं की बोलायचं ते जिभेवरच राहिलं. कागद मध्येच हसत नाही, 'आणखी काय विशेष?' असंही विचारत नाही. म्हणून आज कामावरून आल्यावर जेवणाच्या टेबलावरचा पसारा एका बाजूला सारून बसलोय. आई आतल्या खोलीत रेडिओ ऐकतेय. मी काय लिहितोय ते तिला माहीत आहे, म्हणूनच आवाज मोठा ठेवलाय. तिचं इकडे लक्ष नाही असं मला वाटावं, एवढाच त्यामागचा हेतू.

कामाचं म्हणशील तर तेच. सध्या कपडे धुण्याच्या एका नव्या यंत्राची माहितीपुस्तिका चालू आहे. प्रत्येक झडप, प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकापासून जरा लांब हवेत तरंगत ठेवायचा आणि मध्ये एक तुटक रेघ काढायची, म्हणजे हा कुठला हे लोकांना कळतं. सगळं काळ्या रेघांत, रंगाची भानगडच नाही. तू एकदा माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं होतंस आणि म्हणाली होतीस, 'तुझी यंत्रं म्हणजे स्टेशनवर निरोप देणारी माणसं वाटतात रे.' तेव्हा मी हसलो होतो. हल्ली तसल्या आकृत्या काढताना जरा वेळ लागतो.

तुला सगळं माहीत असलेलं आज पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नकोस. एकदा ओळीने सांगितलं की मलाच नीट दिसेल.

तू त्या रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभी असायचीस, हाताला कायम कुठला ना कुठला डाग. मला विमानाच्या एका छोट्या मॉडेलसाठी हिरवा रंग हवा होता आणि नमुना म्हणून खोक्याचा एक तुकडा फाडून आणला होता. तू तो उजेडात धरलास आणि म्हणालीस, 'मागताय हिरवा आणि आणलाय तपकिरी. नक्की कुठला देऊ?' माझ्यामागे रांग होती. मी म्हणालो, 'तुम्हाला योग्य वाटेल तो.' तू हसली नाहीस. दोन डबे आणून समोर ठेवलेस आणि हळूच विचारलंस, 'यातला हिरवा कुठला?' मी अगदी ठामपणे चुकीच्या डब्यावर बोट ठेवलं. तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, 'यापुढे घेण्याआधी मला विचारत जा.' असं कुणी मला तोपर्यंत म्हटलं नव्हतं. कॉलेज संपताना वैमानिक व्हायला गेलो होतो तेव्हा रंग ओळखण्याच्या तपासणीला ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं होतं, त्यात आकडे लपलेले असतात म्हणे. मला ठिपके दिसले. छान गोल गोल ठिपके. डॉक्टरांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, 'बाहेर बसा.' तसा मी बाहेर बसलो तो बसलोच. तू आलीस तेव्हाही तिथेच होतो म्हण ना.

मग मॉडेलं सुटली आणि कंप्युटर आला. पडद्यावर प्रत्येक रंगाला नंबर असतो, आणि नंबर मला वाचता येतो, एवढ्या भांडवलावर मी विमानं काढायला लागलो. बाजूने दिसणारं आडवं विमान, एकेक पत्रा, तो जोडणारा एकेक रिव्हेट. ते मला जमतं. पण नंबर बरोबर असला म्हणून रंग बरोबर असतो असं नाही हे तू समजावलंस. आणि खऱ्या देशांच्या विमानांचं लचांड वेगळंच! त्यांचे रंग ठरलेले, जरा चूक झाली की गटातले लोक तुटून पडणार. आपला तो ऑनलाइन गट, जगभर विखुरलेले आपल्यासारखेच मराठी खुळे, आणि त्यात तो एक, ज्याला तू 'चिमटा' नाव ठेवलंस कारण तो प्रत्येक चित्रातली चूक चिमटीत धरून बाहेर काढतो. म्हणून मी म्हटलं, देशच खोटा काढू. खोट्या देशाचं हवाई दल, खोटे रंग, कोण चूक म्हणणार? तू मात्र लगेच म्हणालीस, 'देश खोटा असला म्हणून त्याचा चिखल खोटा कसा असेल?' आणि झालं, बसलीस पाय वर घेऊन. तिथली माती कसली, पाणी किती महिने साचतं, पाण्याकाठचा बोरू केव्हा वाळतो, मिठागरं कुठल्या अंगाला, हे सगळं ठरल्याशिवाय तू एका पंखाला रंग लावू दिला नाहीस. अर्धं वर्ष पाण्यात बुडलेला तो देश म्हणून त्याचं नाव पाणदेश. त्याच्याकडे स्वतःची विमानं नाहीतच, दुसऱ्यांनी वापरून टाकलेली घेतली आहेत, म्हणून नव्या रंगाखालून जुना डोकावतो. टिटवी तुकडी, बगळा तुकडी, खंड्या तुकडी. कॅमोफ्लाजला तू 'लपाछपीचे रंग' म्हणायचीस. आईने एकदा विचारलं होतं, 'पण यांचं भांडण कुणाशी?' तू म्हणालीस, 'आई, शत्रू ठरवला की त्याच्याही विमानांना रंग द्यावे लागतील. इथे आपलेच उरकत नाहीत.' म्हणून पाणदेशाला आजतागायत शत्रू नाही.

माझ्यासाठी तू रंगांच्या चौकोनांना नावं दिली होतीस ना, ती अजून तशीच आहेत. भिजलेलं पोतं. जुनी वीट. कपाटामागची भिंत. उकळून गार झालेला चहा. मला ते रंग दिसत नसले तरी पोतं माहीत आहे, वीट माहीत आहे. तू शेजारी बसायचीस आणि म्हणायचीस, 'कॅप्टन, इथे पोतं जास्त झालंय, थोडी भिंत लाव.' आणि मी लावायचो. वैमानिकीत नापास झालेल्या माणसाला कॅप्टन म्हणणं ही चेष्टा होती हे मला कळत होतं, पण तुझ्या तोंडून ती पदवीच वाटायची.

आणि लग्नाचं! ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. खंड्या तुकडीचं ते मोठं मालवाहू विमान, ज्याचे हिरवे-तपकिरी पट्टे तू एकटीने केलेस आणि म्हणालीस, 'आता बघू नकोस, थेट गटात टाक.' मी बघितलं असतं तरी काय दिसणार होतं! टाकलं. आणि काय अभिनंदनांचा पाऊस! मला वाटलं, वा, मालवाहू विमान लोकांना आवडलं. एकाने विचारलं, 'मग काय ठरलं?' मी लिहिलं, 'अजून तीन-चार करायचा विचार आहे.' शेवटी चिमट्याने वेगळा निरोप पाठवला, की अहो, विमानाच्या अंगावर हिरव्यावर तपकिरी अक्षरात लिहिलंय, 'माझ्याशी लग्न करशील का', ते तुम्ही लिहिलंय की तुम्हाला लिहिलंय? मी तसाच चपला घालून दुकानात आलो. तू एका गिऱ्हाइकाला रंग ढवळून देत होतीस, वर न बघता म्हणालीस, 'कुणीतरी सांगितलं वाटतं.' मी म्हणालो, 'हो.' तू म्हणालीस, 'हो म्हणजे सांगितलं, की हो म्हणजे हो?' ते गिऱ्हाईक डबा तसाच सोडून आपल्याकडे बघत राहिलं होतं.

मग तुझी ती नोकरी. ज्या कारखान्यात खऱ्या विमानांना रंग देतात तिथल्या एका माणसाने आपली चित्रं बघितली आणि विचारलं, शिडी लागून विमानाचा रंग जिथे आधी उडतो ती जागा इतकी नेमकी कुणी काढलीय? मी लिहिलं, माझ्या बायकोने. त्यांनी बोलावलं, नमुन्यांच्या पट्ट्या समोर ठेवल्या, आणि तू त्यातली त्यांचीच एक चूक दाखवून आलीस. वर्षभरासाठी म्हणून ठरलं. जायच्या आदल्या दिवशी तू कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणालीस, 'तू म्हणत असशील तर नाही जात.' मी म्हणालो, 'वेडी आहेस का? खऱ्या विमानाला हात लावायला मिळतोय.' ते मी मनापासून म्हणालो होतो, आणि आजही तेच म्हणेन. हे वाचताना तुला वाटेल मी त्याबद्दल रडगाणं गातोय, तर तसं नाही. तू पंखाखाली उभं राहून केलेला तो पहिला फोन आठवतो. 'किती मोठं असतं रे! आणि पहिला हात दिलाय त्याचा रंग थेट कच्च्या पेरूसारखा.' मी तुला अधाशासारखा विचारत सुटलो होतो, पत्रा गार लागतो का, रिव्हेट बोटाला जाणवतात का, वास कसा येतो. तू सगळं हात लावून, वास घेऊन सांगत होतीस. त्या दिवशी मला खरंच असं वाटलं की आपल्या घरातलं कुणीतरी पास झालं.

वर्षाचं दुसरं झालं आणि मग आपण मोजणं सोडलं. आईला घेऊन तुझ्याकडे यायचं म्हटलं तर ती जागची हलेना. 'माझं इथलं सगळं हाताशी आहे, मला कुठे नेऊ नका,' एवढंच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू दाटत चालला होता, ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, 'डोळ्यात सुरी घालून घेण्यापेक्षा धूसर बरं.' तिला एकटीला टाकून मलाही निघता येईना. साखरेच्या जागी मीठ घातलेला चहा मी किती वेळा मुकाट्याने प्यायलोय.

तू गेल्यावर मी चित्रं बंद केली नाहीत, हे तुला माहीत आहे. बंद केली असती तर घर फारच शांत झालं असतं. तू मात्र गटात यायचं थांबलीस. दिवसभर विमानातच असते, घरी आल्यावर पुन्हा विमान बघवत नाही, असं म्हणालीस आणि ते मला पटलं. म्हणून मधल्या काळात पाणदेशात काय काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी एकट्याने टिटवी तुकडीला हिवाळ्याचे रंग द्यायला घेतले. धुक्यात लपावं असा साधा राखाडी, त्यात काय कठीण? अख्खी तुकडी रंगवली, टाकली. लोक म्हणाले, वा! कुणीतरी लिहिलं, 'मावळतीच्या आभाळात लपायला गुलाबी विमानं, काय डोकं लावलंय!' मी ती ओळ दोनदा वाचली. मग मान वर करून उत्तर लिहिलं की पाणदेशात टेहळणी संध्याकाळीच होते. त्या दिवसापासून टिटवी तुकडी गुलाबी आहे. तुला सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवला. वाटलं, हसशील, मग म्हणशील, 'अरे मला विचारायचंस ना,' आणि ते 'ना' ऐकवणार नाही.

आईने ते ताडलं. एके दिवशी चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, 'सरक. ती नाही तर मी सांगते रंग.' मी म्हटलं, 'आई, तुला दिसत नाही.' तर म्हणते, 'आणि तुला दिसतं?' अशी ती बसायला लागली. पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकायची. 'हे सगळं मळकट दिसतंय. उजळ कर. अजून. अरे, बोरू असा कधी असतो का, पिवळा पडलाय पार. निळं घाल थोडं.' मी घालायचो. मला मधूनमधून शंका यायची, कारण निळा हा एकच रंग मला बऱ्यापैकी कळतो. म्हणायचो, 'आई, हे जास्त निळं नाही का होत?' ती म्हणायची, 'रंगातलं तुला काय कळतंय?' रंगाच्या बाबतीत या घरात मला कधीच मत नव्हतं, त्यामुळे मी आणखी निळं घालायचो. पण खरं सांगू, त्या तासाभराची मी कामावर असल्यापासून वाट बघायचो. कुणीतरी शेजारी बसून 'हे नाही, ते' म्हणतंय, एवढंच मला हवं होतं. आणि आईही काय रमायची! बगळा तुकडीच्या वैमानिकांना घरं कुठे आहेत, पोरंबाळं किती, जेवायला वेळेवर येतात का, सगळं तिने ठरवलं. तू चिखल ठरवलास, तिने माणसं वसवली.

मग चिमट्याने लिहिलं, अगदी सभ्यपणे, 'पाणदेशातला चिखल हल्ली निळा झालाय, याला काही खास कारण?' मी आईला वाचून दाखवलं. तिचा चेहरा बघायला हवा होतास. 'हा कोण मला चिखल शिकवणारा? उभा जन्म गेला माझा चिखल तुडवण्यात!' दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी मी कामाला निघालो तर ती साडी बदलून दारात उभी. म्हणाली, 'त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे चल. निळा की हिरवा, एकदा काय ते होऊन जाऊ दे.' माझ्या विनवण्यांनी झालं नाही, तुझ्या फोनवरच्या दटावणीने झालं नाही, ते चिमट्याने करून दाखवलं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, 'आजी, तुम्ही इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघताय. म्हणून तुम्हाला सगळ्यात निळं घालावंसं वाटतं.' आई म्हणाली, 'म्हणजे तो मेला खरं बोलत होता?'

ऑपरेशन झालं, नीट झालं, हे तुला फोनवर सांगितलंच. त्यानंतर काय झालं ते सांगितलं नाही. दोन्ही डोळ्यांचं लागोपाठ उरकून ती घरी आली, तेव्हा दारातच थांबली आणि पुढच्या खोलीच्या भिंतीकडे बघत राहिली. 'ही भिंत पांढरी आहे?' म्हणाली. 'मला वाटायचं तुम्ही लोकांनी हिला बदामी रंग दिलाय. मनात म्हणायचे, सुनेची आवड म्हणून बोलायला नको.' मग कंप्युटर लावायला सांगितला. मी एकेक विमान काढून दाखवत गेलो. आधी तुझ्या वेळची, शांतपणे बघितली, मान हलवली. मग टिटवी तुकडी आली तशी पदर तोंडाला लावून हसली. मग तिच्या स्वतःच्या वेळची. तो निळाशार चिखल, निळा बोरू, जत्रेतल्या फुग्यासारखी बगळा तुकडी. इतकी हसली की मला भीती वाटली, टाके असते तर उसवले असते. 'आणि तू हे करत होतास? एकदाही अडवलं नाहीस?' मी म्हणालो, 'विचारलं होतं की.' हसता हसता तिने डोळे टिपले आणि मग माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच. घरी आल्यापासून ती भिंती, भांडी, पडदे बघत होती, माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

तिचं हसू हळूहळू थांबलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. 'दाढी पांढरी झाली की रे तुझी,' म्हणाली. 'कधी झाली?' मी म्हटलं, 'झाली असेल, मला कुठे रंग कळतात.' तिला हसवायला म्हणून म्हटलं, पण ती हसली नाही. त्यानंतरचे काही दिवस ती घरभर फिरून नुसती बघत होती. तुझी उशी मी अजून खोळ बदलून जागेवर ठेवतो, हे तिने बघितलं. जेवताना मी तुझ्या खुर्चीकडे तोंड करून बसतो, हेही. तू मागच्या सुट्टीत विसरून गेलेला तो डाग पडलेला शर्ट मी घरात घालतो. तू येतेस तेव्हा हे सगळं आवरून ठेवतो, म्हणून तुला माहीत नाही. तू येतेस ते चार दिवस हसण्याखिदळण्यात जातात. मग तुझी गाडी सुटते आणि मी पायी घरी येतो, वाटेत तुझं जुनं दुकान लागतं. तिथे आता एक तरुण मुलगी आहे. यंत्र तिच्यासाठी रंग जुळवतं. एकदा उगाच आत गेलो, एक छोटा हिरवा डबा घेतला आणि बाहेर येऊन बघत बसलो की हा हिरवाच असेल ना. ती काही बोलली नव्हती, म्हणजे असेल.

गेल्या रविवारी फोनवर तू सगळ्या गप्पा झाल्यावर म्हणालीस, 'कंपनी मला कायम करतेय. सही द्यायची आहे. करू का?' आणि थांबलीस. मी म्हणालो, 'कर की, विचारतेस काय!' तू म्हणालीस, 'बरं,' आणि फोन ठेवलास. आई दारातच उभी होती. म्हणाली, 'ती तुला सहीबद्दल विचारत नव्हती, मठ्ठा. तू येतोस का, असं विचारत होती. आणि तू तिला आशीर्वाद दिलास!' मी म्हटलं, 'पण आई, तुला इथून हलायचं नाही ना?' त्यावर ती पहिल्यांदा खरं बोलली. 'दिसत नव्हतं म्हणून हलायचं नव्हतं. या घरातली एकेक पायरी मला पाठ आहे, दुसरीकडे धडपडले असते. लाज वाटत होती सांगायला. आता दिसतंय. मी काय मुळं धरलेलं झाड आहे?' मग म्हणाली, 'आणि तिने कुठवर एकटीने विमानं रंगवायची?' म्हणून हे पत्र. साहेबांना विचारलंय, आकृत्या कुठूनही पाठवल्या तरी चालतील. तू तिथे आपली घडी बसवली असशील, एकटीची सवयही झाली असेल, आणि 'इतक्यात नको' म्हणालीस तरी मी रुसणार नाही. पण दर रविवारचं माझं 'सगळं मजेत' खोटं होतं. मी मजेत नाही. मला तुझी आठवण येते, सकाळी येते, काम करताना येते, तू फोनवर बोलत असतानाही येते. हे एकदा तुझ्या हातात कागदावर असावं, एवढ्यासाठी लिहिलं. सही कर, रंगारीण. आणि आम्हाला बोलाव.

तुझाच,
अजून जमिनीवरच असलेला
कॅप्टन